फिश फायंडर नवा, भोकं जुनी : धरणावरच्या छोट्या होडीसाठी काय घ्यावं, काय टाळावं

गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा. नाशिकजवळच्या या धरणांच्या फुगवट्यात चालणाऱ्या बारा ते सोळा फुटी फायबरच्या होडीवरचा जुना काळा-पांढरा फिश फायंडर (पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बदलायचा ठरला की सगळं लक्ष नव्या स्क्रीनकडे जातं. खोक्यातून यंत्र काढलं, बॅटरीला जोडलं, ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परतलेला ऐकणारा भाग, पाण्यात सोडला की अर्ध्या तासात तळ दिसायला लागतो. खरं काम त्याच्या आधीचं असतं. जुनं ब्रॅकेट सोडवलं की ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीला, चार-सहा स्क्रूची भोकं उरतात. शिवाय केबल आत नेण्यासाठी पाडलेलं एक मोठं भोक. त्यातली दोन-तीन पाण्याच्या रेषेखाली असतात. ती कशाने बुजवली यावर ती फळी किती वर्षं टिकेल हे ठरतं. म्हणून इथे यंत्राबद्दल थोडं आणि भोकांत जाणाऱ्या मालाबद्दल जास्त लिहिलं आहे.

यंत्र : गार्मिन स्ट्रायकर विविड ४सीव्ही

४.३ इंची रंगीत पडदा, बटणांवर चालणारं यंत्र, आत जीपीएस, सोबत जीटी२०-टीएम ट्रान्सड्यूसर. हा एकच ट्रान्सड्यूसर दोन कामं करतो. ७७ आणि २०० किलोहर्ट्झचा नेहमीचा चर्प सोनार (एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी पट्टाभर फ्रिक्वेन्सींचा आवाज सोडणारा) देतो, आणि ४५५/८०० किलोहर्ट्झवर क्लिअरव्ह्यू, म्हणजे होडीखालच्या तळाचं फोटोसारखं बारीक चित्र. बाजूचं दाखवणारा साइडव्ह्यू यात नाही.

आपल्या धरणांसाठी एवढं पुरेसं आहे. जास्तीत जास्त खोलीचे मोठमोठे आकडे खोक्यावर वाचून भारावून जाण्याचं कारण नाही, कारण आपलं बहुतेक काम उथळ पाण्यातलं. तिथे महत्त्वाचा असतो तो ध्वनीचा शंकू. २०० किलोहर्ट्झला साधारण २० अंशांचा शंकू धरला, तर १० मीटर खोलीवर तो तळाच्या साडेतीन मीटर व्यासाच्या वर्तुळावर पडतो. २ मीटर पाण्यात तेच वर्तुळ फक्त ७० सेंटिमीटरचं उरतं. म्हणजे काठाजवळच्या उथळ पाण्यात हे यंत्र एका परातीएवढीच जागा पाहतं. तिथे मासा दिसला नाही म्हणून यंत्राला नावं ठेवू नयेत. खोली कमी असेल तर ७७ वर जा. शंकू बराच रुंद होतो, बारकावा मात्र जातो.

कुठला मासा दिसेल हेही त्याच्या राहणीवर आहे. कटला वरच्या थरात चरतो. होडी डोक्यावर आली की तो बाजूला होतो आणि खाली पाहणाऱ्या सोनारला सापडत नाही. रोहू मधल्या थरात, पडद्यावर त्याच्या खुणा कमानीसारख्या स्वच्छ उमटतात. मृगळ तळाला चिकटून असतो, त्यामुळे त्याचा ठसा तळाच्या रेषेत मिसळतो; क्लिअरव्ह्यूचा खरा उपयोग इथे होतो. मरळ तर गवताच्या कडेला, हातभर पाण्यात. त्याच्यासाठी डोळेच बरे. माशांची छोटी चित्रं दाखवणारी सोय बंद ठेवा. ती चित्रं यंत्राचा अंदाज असतात आणि पाण्यात उभं असलेलं बाभळीचं खोडही त्या अंदाजात मासा होतं.

तळ वाचणं हा खरा फायदा. खडक असेल तर तळाची रेषा जाड, ठळक येते आणि पुष्कळदा दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनी उमटतो. गाळ असेल तर रेषा फिकी, विस्कटलेली. जाळं लावणाऱ्याला खोडं कुठे आहेत हे कळणं माशांइतकंच मोलाचं आहे, कारण एका खोडात अडकलेलं जाळं सोडवताना आठवड्याची कमाई फाटते.

यात आपल्या धरणांचे तयार नकाशे येत नाहीत. त्याऐवजी क्विकड्रॉ आहे. होडी फिरवत राहिलं की एक-एक फुटाच्या अंतराने खोलीच्या रेषा यंत्र स्वतः काढतं. ही सोय आपल्याकडे सगळ्यात उपयोगी, पण एक अट पाळली तर. भाद्रपदात भरलेलं धरण आणि वैशाखातलं धरण यांच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक असतो. पातळीतला फरक टाकण्याची सोय क्विकड्रॉच्या सेटिंगमध्ये आहे, ती वापरली नाही तर दोन हंगामांच्या रेषा एकमेकींवर चढतात आणि नकाशा निकामी होतो. धरण भरलेलं असताना एकदा संपूर्ण फिरून घ्या आणि त्या दिवसाची पातळी वहीत लिहून ठेवा.

तक्रारीची जागा पडद्याच्या आकाराची. सोनार आणि क्लिअरव्ह्यू शेजारी-शेजारी ठेवले की ४.३ इंचात दोन्ही कोंबल्यासारखे दिसतात. वल्ही मारत एकटाच बसणारा असेल आणि यंत्र गुडघ्यापाशी असेल तर चालतं. मोटर चालवणारा मागे आणि स्क्रीन मधल्या फळीवर, अशी बैठक असेल तर याच मालिकेतला ७ इंची घ्या. पुढची दहा वर्षं डोळे बारीक करण्यापेक्षा ते परवडतं.

जुना ट्रान्सड्यूसर ठेवून फक्त स्क्रीन बदलण्याचा मोह होतो, कारण मग भोकांचं काम टळेल असं वाटतं. हे करू नका. कनेक्टर वेगळा, पिना वेगळ्या, आणि जुना ट्रान्सड्यूसर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला असतो. चर्पला फ्रिक्वेन्सीचा पट्टा लागतो. ॲडॉप्टर लावून खोली दिसेलही, पण ज्यासाठी पैसे दिले ते दिसणार नाही.

भोकात काय भरायचं

सिलिकॉन सगळ्यात सहज मिळतं, आणि पाण्याखालच्या भोकाला तेच सगळ्यात वाईट. फायबरवर त्याची पकड सोलून निघते. त्याहून मोठा तोटा असा की काढल्यावरही त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर पुढे एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन), पेंट, जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) काहीच नीट धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर वायरच्या जोडाजवळ कधीच नको. त्यातलं ॲसिड तांबं खातं. जुन्या मालकाने भोकात सिलिकॉन भरलेलं असेल तर ते पुसत बसू नका, मोठा ड्रिल बिट घालून भोवतीच्या फायबरसकट काढून टाका.

एम-सील तातडीसाठी. होडी पाण्यात आहे, बोटभर धार लागली आहे, काठ लांब आहे, तेव्हा मळून दाबायला याच्यासारखं काही नाही. ओलसर जागेवरही बसतं. पण वाळल्यावर ते कडक आणि ठिसूळ होतं, आणि ट्रान्सम मोटरच्या धक्क्याने सतत थरथरतो. किनाऱ्याला आलं की काढायचं म्हणूनच भरा.

गॅरेजमधली लांबी (पुट्टी), म्हणजे डेंटिंगला वापरतात ती, पाण्याच्या रेषेखाली अजिबात नको. घासायला सोपी, रंगाखाली गुळगुळीत, म्हणून मोह होतो. ती पाणी शोषते, फुगते आणि एका हंगामात टवका होऊन निघते.

फायबरच्या वर्कशॉपमधलं साधं पॉलिएस्टर रेझिन. सातपूर-अंबड भागात फायबरचं काम करणारे हेच वापरतात आणि नवी होडी ओतायला ते योग्यच आहे. जुन्या, वाळलेल्या फायबरला मात्र ते एपॉक्सीएवढं घट्ट धरत नाही. मोठा भाग फुटला असेल, खूप थर द्यायचे असतील तर पॉलिएस्टर परवडतं. स्क्रूच्या भोकांसाठी नाही. हे वापरणारच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रेझिन सुकवायला लागणाऱ्या कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत. स्फोट होतो, आग लागते. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग कॅटॅलिस्ट १ ते २ टक्के. बाटल्या ठेवायच्याही वेगवेगळ्या.

अराल्डाइट स्टँडर्ड हा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला, आणि सहा-आठ छोट्या भोकांसाठी पुरेसा चांगला माल. रेझिन आणि हार्डनर आकारमानाने सारखे घ्यायचे, वजनाने १०० ला ८०. १८० ग्रॅमच्या पॅकमध्ये दोन्ही त्याच प्रमाणात असतात. घाई म्हणून पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी घेऊ नका. ते सतत पाण्याखाली राहायला बनवलेलं नसतं, पाणी पीत जातं आणि मऊ पडतं.

सगळ्यात चांगलं काय, तर काचकापडाच्या कामाचं पातळ लॅमिनेटिंग एपॉक्सी आणि ते घट्ट करणारी एरोसिल पावडर. आपल्याकडे केमिकलवाल्यांकडे मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर. प्रमाण वजनाने १०० ला १०. इथे अंदाज चालत नाही. ५० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर, आणि त्यात एक ग्रॅमची चूक म्हणजे २० टक्के चूक. ०.१ ग्रॅम दाखवणारा सराफाचा छोटा काटा घ्या. हार्डनर जास्त टाकला की लवकर आणि मजबूत सुकतं हा समज पॉलिएस्टरवरून आलेला आहे. एपॉक्सीत जास्तीचा हार्डनर सुटा राहतो आणि भोकातला माल कायमचा रबरासारखा राहतो.

पॉलिएस्टरसाठी मिळणारी चॉप्ड मॅट एपॉक्सीबरोबर वापरू नका. त्या मॅटमधले तंतू धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. मॅट भिजत नाही आणि कडा उभ्या राहतात. विणलेलं काचकापड मागा.

सिकाफ्लेक्स २९१ आणि थ्रीएम ५२००, ४२०० हे ट्यूबमधले सीलंट वेगळ्या कामाचे. त्यांनी जुनं भोक भरायचं नाही. ते नव्या स्क्रूच्या भोवती पाणी अडवायला आहेत. ५२०० जवळजवळ कायमचं चिकटतं, पूर्ण पक्कं व्हायला पाच ते सात दिवस घेतं. ट्रान्सड्यूसरच्या ब्रॅकेटला ते लावू नका, कारण ब्रॅकेट पुन्हा कधीतरी काढावंच लागतं आणि ५२०० बरोबर जेलकोटही उचकटून आणतं. ब्रॅकेटसाठी ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१.

या पॉलियुरेथेन सीलंटबद्दल नाशिकमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, हे हवेतल्या ओलाव्याने पक्के होतात. सिकाफ्लेक्स दिवसाला साधारण ३ मिलिमीटर आतपर्यंत सुकतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याहून हळू. मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत बसलेलं सीलंट इथे तिसऱ्या दिवशीही आतून ओलं असू शकतं. आसपासच्या जमिनीवर पाणी शिंपडा आणि एक दिवस जास्त थांबा. दुसरी, ट्यूबवरची तारीख. मरीन माल इथे रोज खपणारा नाही. तापलेल्या गोदामात वर्षभर पडलेली ट्यूब आतून दगड झालेली असते. ऑनलाइन मागवली तर घरी आल्या-आल्या दाबून पाहा, बसवायच्या दिवशी नव्हे. गाडीच्या काचा बसवणाऱ्यांकडे मिळणारं काळं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आतल्या बाजूला चालून जाईल, पण ते काचेच्या आड, उन्हापासून लपून राहायला बनवलेलं असतं. उघड्यावर त्याला भेगा पडतात.

काम कसं करायचं

जुनं ब्रॅकेट काढल्यावर लगेच भरायला घेऊ नका. आधी ट्रान्सम ओला आहे का ते पाहा. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये बहुतेक होड्यांत प्लायवूड असतं आणि स्क्रूमागून शिरलेलं पाणी तिथेच मुरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. कोरडी जागा टणक आवाज देते, कुजलेली भद्द वाजते. शंका असेल तिथे आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि बिटवर आलेला भुसा बोटांत चोळा. पिवळट, कोरडा, भुरभुरीत असेल तर ठीक. काळपट, ओलसर, कुबट वासाचा असेल तर आत पाणी आहे.

ओल्या लाकडावर एपॉक्सी भरणं म्हणजे ओल आत बंद करणं. भोकं उघडी ठेवून होडी सावलीत, वारा लागेल अशी, मागची बाजू किंचित खाली ठेवून किमान दोन आठवडे वाळवा. यासाठी नाशिकचा मार्च ते मे हा काळ सोन्यासारखा आहे. पावसाळ्यात हे काम काढू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते तेव्हा पुन्हा संधी मिळते, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री पारा १० अंशांखाली गेला की एपॉक्सी सुकायचं थांबल्यासारखं होतं. तेव्हा काम करायचं तर बंद खोलीत. भुसा हाताने चुरगळला जात असेल, स्क्रूड्रायव्हर सहज आत जात असेल, तर भोकं भरून उपयोग नाही. ट्रान्समचं लाकूड बदलायला लागेल.

छोट्या भोकाला ५ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर करा. जुनी, तेलकट, भेगाळलेली कड निघून जाते आणि एपॉक्सीला ताजी जागा मिळते. दोन्ही तोंडांना काउंटरसिंक बिटने उतार द्या. मग ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि ते उडून जाऊ द्या. ४० मिलिमीटर जाड ट्रान्सममधल्या ८ मिलिमीटरच्या भोकाला २ मिली माल लागतो. सहा भोकांना १२ मिली, केबलच्या २५ मिलिमीटर भोकाला जवळपास २० मिली. वाया जाणारं धरून ६० मिली बनवा, पण एकदम नाही. दोन वेळा ३०-३० करा.

बाहेरच्या बाजूने भोकावर सेलोटेप घट्ट लावा. आतून पातळ एपॉक्सी कानात घालायच्या कापसाच्या काडीने भोकाच्या सगळ्या भिंतीला फासा आणि दहा मिनिटं थांबा. लाकूड ते पिऊन घेतं. उरलेल्या एपॉक्सीत एरोसिल घाला. ही पावडर कापसाहून हलकी, मापाने रेझिनच्या दुपटीहून जास्त लागते. टाकताना मास्क लावा, ती हवेत तरंगते आणि छातीत जाते. चमचा उपडा केला तरी न ओघळणाऱ्या श्रीखंडाएवढं घट्ट झालं की पुरे. चक्क्यासारखं कोरडं करू नका, भिंतीला चिकटत नाही.

भरायला औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. दांडा काढून मागून माल भरा, सिरिंजच्या टोकावर बारीक नळी चढवा, ती भोकाच्या तळाला, टेपला टेकेपर्यंत घाला आणि दाबत-दाबत हळूहळू बाहेर ओढा. बोटाने किंवा पट्टीने वरून लिंपलं तर आत हवा अडकते. वरून भोक भरलेलं दिसतं, मध्ये पोकळी राहते, आणि पुढे नवा स्क्रू नेमका त्या पोकळीत जातो. थोडा माल वर उंचवट्यासारखा ठेवा, सुकताना तो किंचित बसतो.

मेच्या दुपारी एलवाय ५५६ चा कप हातात धरून गप्पा मारू नका. मोठा गोळा असेल तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर सोडतो, प्लास्टिकचा कप वितळवतो. सकाळी सात ते नऊ ही वेळ घ्या, आणि मिसळलेला माल पसरट ताटलीत ओता म्हणजे उष्णता निघून जाते.

केबलचं मोठं भोक नुसत्या लगद्याने भरू नका, विशेषतः ते पाण्याच्या रेषेजवळ असेल तर. प्लायची गोल गुल्ली बसवा, तिला सगळीकडून एपॉक्सी लावून. मग बाहेरच्या फायबरला भोवती उतार घासा, जाडीच्या बारा पट. फायबरचा पापुद्रा ३ मिलिमीटर असेल तर भोकाच्या कडेपासून ३६ मिलिमीटरपर्यंत उतार. म्हणजे २५ मिलिमीटरच्या भोकासाठी जवळजवळ ९७ मिलिमीटरचं वर्तुळ घासावं लागतं. एवढ्याशा भोकासाठी इतकं कशाला, असं वाटतं. पण सरळ कड ठेवली की जोड एका रेषेवर येतो आणि मोटरच्या जोराने भेग तिथेच धरते. उतारावर काचकापडाच्या वर्तुळाकार चकत्या लावा, एकीपेक्षा दुसरी लहान, कापड पारदर्शक होईपर्यंत ब्रशने दाबत.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या एपॉक्सीवर एक मेणचट थर येतो. तो घासू नका, कागद भरून जातो आणि थर आतच चोळला जातो. आधी पाणी आणि भांडी घासायची हिरवी जाळी, मग कोरडं करा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. वरून पॉलिएस्टर जेलकोट लावू नका, एपॉक्सीवर तो नीट धरत नाही. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, पॉलियुरेथेन पेंट लावा. काही न लावता उघडं ठेवलं तर ऊन एपॉक्सीला खडूसारखं पांढरं करून खातं.

ॲसिटोनचे डबे, ब्रश, उरलेलं रेझिन धरणाच्या पाण्यात धुवायचं नाही. गंगापूरचं पाणी नाशिकच्या नळाला येतं. उरलेला माल कपातच पूर्ण कडक होऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका.

नवं बसवताना

भरलेल्या जागीच पुन्हा भोकं पाडायची गरज नाही. त्यापेक्षा १५ बाय २० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाड मरीन प्लायचा तुकडा घ्या, सहाही बाजूंनी दोनदा एपॉक्सी लावा आणि ट्रान्समला एपॉक्सीनेच चिकटवा. ट्रान्सड्यूसरचे स्क्रू या फळीत जातील, ट्रान्सममध्ये नाही. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीपेक्षा ३ मिलिमीटरने कमी घ्या. पुढे यंत्र बदललं तरी भोकं फळीलाच. पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकची शीट यासाठी सुचवली जाते. दिसायला छान, पण तिला एपॉक्सी किंवा पीयू काहीच पक्कं धरत नाही, बोल्टच लागतो, आणि मग पुन्हा भोकं आलीच.

जागा ठरवताना मोटरच्या पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू, कारण तिथे पाती खाली जातात आणि फेस कमी. तळावर लांबट उंचवटे असतील तर त्यांच्या मागे नको. ट्रान्सड्यूसरचा तळ फायबरच्या होडीत तळाच्या रेषेखाली ३ मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या होडीत १० मिलिमीटर, आणि पाण्याला समांतर. वर ठेवला तर वेगात चित्र तुटतं. खाली ठेवला तर पाण्याचा फवारा उडतो आणि पहिल्या खोडाला तोच आपटतो.

फळी न लावता थेट फायबरमध्ये ड्रिल करायचं असेल तर पहिले दोन-तीन मिलिमीटर बिट उलटा फिरवा, जेलकोटचे टवके उडत नाहीत. मग सरळ. तोंडाला हलका काउंटरसिंक द्या, नाहीतर स्क्रू आवळताना जेलकोटला ताऱ्यासारख्या भेगा पडतात. खोलीसाठी बिटवर टेपचा झेंडा लावा. स्क्रू स्टेनलेसचे, धरणाच्या गोड्या पाण्याला ३०४ नंबरचा स्टेनलेस पुरतो. सीलंट भोकात आणि स्क्रूच्या डोक्याखाली, दोन्हीकडे. आवळताना सगळं पिळून बाहेर येईपर्यंत जोर लावू नका. आधी हलकं बसवा, सीलंट पक्कं झालं की दुसऱ्या दिवशी पाव फेरा.

ट्रान्सड्यूसरची केबल कापून लहान करायची नाही. तिच्यावरचं जाळीचं आवरण तुटलं की पडद्यावर खरखर येते. जास्तीची केबल सैल वळसा करून बांधा, मोटरच्या वायरींपासून वेगळ्या बाजूने न्या. वीज थेट १२ व्होल्ट बॅटरीवरून, पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचा. मोटरच्या स्टार्टरच्या वायरवरून टॅप घेतला की मोटर चालू होताच पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि यंत्र बंदही पडतं. फक्त वल्ह्यांची होडी असेल तर यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी चालते. अर्धीच वापरायची म्हटली तरी या आकाराच्या यंत्राला सकाळभर पुरते.

पाण्यात जाण्याआधी गळती पाहायची सोपी रीत आहे. होडी ठोकळ्यांवर सरळ ठेवा, ट्रान्समला बाहेरून खडूची पूड चोळा आणि आत मागच्या बाजूला भोकं बुडतील एवढंच पाणी ओता. दहा बादल्या म्हणजे दीडशे किलो, हे लक्षात ठेवा. ठोकळे मजबूत हवेत. तासाभरात जिथे पाझर असेल तिथे खडू काळा पडतो. नुसतं ओलसर वाटणं आणि खडूवरची बोटभर काळी रेघ यांत फसगत होत नाही.

यंत्रात पाण्याचा प्रकार "फ्रेश" करा. समुद्राच्या पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, ते सेटिंग राहिलं तर प्रत्येक खोली तीन-चार टक्क्यांनी चुकते. मग शिशाचं वजन आणि मीटरच्या खुणा असलेली दोरी खाली सोडून दोन-तीन ठिकाणी खोली ताडून पाहा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर तो ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती आहे त्याचा, ऑफसेटमध्ये टाका.

ॲल्युमिनियमच्या होडीला वरचं बरंचसं लागू नाही. तिथे पितळी स्क्रू किंवा तांब्याचा कुठलाही भाग नको, त्याच्याशेजारी ॲल्युमिनियम झिजतं. लहान भोकाला बंद तोंडाचा पॉप रिव्हेट ५२०० मध्ये बुडवून. मोठ्याला आर्गन वेल्डिंग, पत्रा ५००० मालिकेचा असेल तर ५३५६ ची रॉड मागून घ्या. वेल्डरला आत लाकूड किंवा फोम आहे हे आधी सांगा.

ज्यांची होडी वल्ह्यांची आहे आणि फिश फायंडर फक्त कधीतरी लागतो, त्यांनी भोक पाडूच नये. २५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, सुतारकामाचा एफ-क्लॅम्प, नळीच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. होडीच्या कडेला लावायचा, घरी जाताना काढून न्यायचा. वेग घेतला की नळी थरथरते, पण वल्ह्यांच्या वेगाला पुरेपूर. नळीला वरून सुतळी बांधून होडीला अडकवा. क्लॅम्प सैल झाला तर सगळं तळाला जातं.

फायबरवर बसवलेल्यांनी पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा स्क्रूंखाली पाहावं. स्क्रूखालून तपकिरी ओघळ आलेला असेल तर तो गंज नाही, लाकडाचा रंग आहे, आणि पाणी आत शिरलं आहे. त्याच दिवशी स्क्रू काढा, भोक उघडं ठेवा आणि वाळवायला लावा.